बेसवादक होण्यासाठी काय शिकावे आणि कोणत्या क्रमाने

बेस गिटारला साधारणपणे चारच तारा असतात आणि बहुतेक वेळा एका वेळी एकच स्वर वाजवायचा असतो, त्यामुळे गिटार जमत नसेल तर बेस घ्यावी, असा सल्ला अनेकांना मिळतो. सुरुवातीचे काही आठवडे हा सल्ला बरोबरही वाटतो, कारण एखाद्या सोप्या गाण्याचे मूळ स्वर तेवढ्या अवधीत हाताखाली येतात. खरे काम त्यानंतर सुरू होते. कोणता स्वर वाजवायचा, हा प्रश्न तुलनेने लवकर सुटतो. तो स्वर केव्हा सुरू करायचा आणि केव्हा थांबवायचा, हा प्रश्न मात्र अनेक वर्षे वाजवणाऱ्यालाही रोज नव्याने सोडवावा लागतो. पुढील मार्गदर्शनात या प्रश्नाला सर्वांत जास्त जागा दिलेली आहे, आणि वेगवान बोटे व महागडी उपकरणे यांना मुद्दामच मागे ठेवलेले आहे.

वाद्य आणि सोबतचे साहित्य

बेस गिटारच्या चार तारा जाडीकडून बारीकपणाकडे ई, ए, डी आणि जी या स्वरांना लावलेल्या असतात. साध्या गिटारच्या जाड चार तारांचे हेच स्वर आहेत, फक्त बेसवर ते एक सप्तक खाली असतात. मोकळ्या तारांची कंपनसंख्या अनुक्रमे सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झ इतकी असते. हे आकडे पाठ करण्याची गरज नाही, पण ते लक्षात ठेवल्यास पुढे अनेक गोष्टींचा उलगडा होतो: फोनच्या स्पीकरवर बेस का ऐकू येत नाही, तारा सुरात लावायच्या छोट्या ट्यूनरला सर्वांत जाड तारेचा स्वर का सापडत नाही, आणि गिटारच्या लहान ॲम्पवर (आवाज मोठा करणाऱ्या यंत्रावर) बेस मोठ्याने वाजवल्यास आवाज का फरफरतो.

फ्रेट (बोटे दाबायच्या पट्टीवर बसवलेल्या धातूच्या आडव्या रेघा) असलेली, आडवी धरायची विद्युत बेस गिटार पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकात सिएटलमध्ये बनवली होती, पण तिचा प्रसार झाला नाही. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली, तेव्हापासून हे वाद्य खऱ्या अर्थाने रूढ झाले. तोपर्यंत वाद्यवृंदातील खालचे स्वर उभ्या डबल बेसकडे असत. ते वाद्य वाहून नेण्यास अवघड होते, ड्रमसारख्या मोठ्या आवाजापुढे त्याचा आवाज दबत असे आणि पट्टीवर फ्रेट नसल्यामुळे प्रत्येक स्वर हाताच्या अंदाजाने शोधावा लागत असे. प्रिसिजन बेसच्या तारेची नट आणि ब्रिज या दोन टोकांच्या आधारांमधली लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर होती आणि आजही बहुतेक बेस गिटार याच लांबीच्या असतात. ३० इंच लांबीच्या आखूड बेस गिटारही मिळतात. लहान मुलांसाठी किंवा ज्यांचे हात लहान आहेत त्यांच्यासाठी त्या उत्तम आहेत आणि त्या ‘कमी दर्जाच्या’ असतात असे मुळीच नाही: पॉल मॅकार्टनी यांची व्हायोलिनच्या आकाराची प्रसिद्ध बेस आखूडच आहे.

पहिली बेस चार तारांचीच घ्यावी. जुने, वापरलेले वाद्य घेण्यास हरकत नाही, मात्र घेताना काही गोष्टी स्वतः तपासाव्यात. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट दाबून एकेक स्वर वाजवून पाहावा. एखाद्या जागी तार खरखरत असेल किंवा शेजारच्या दोन फ्रेटवर एकच स्वर येत असेल, तर फ्रेट असमान झिजलेले आहेत असे समजावे. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरली असता मधल्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत जाड कागदाइतकी फट दिसावी. ती खूप मोठी असेल तर नेक (वाद्याचा लांब दांडा) वाकलेली आहे. वाद्याची बटणे फिरवताना करकर ऐकू येते का, तेही पाहावे. शेवटी पट्टा लावून वाद्य अंगावर घ्यावे आणि दोन्ही हात सोडून द्यावेत. काही वाद्यांची नेक अशा वेळी आपोआप खाली झुकते. अशी बेस डाव्या हाताला सतत उचलून धरावी लागते आणि त्या हाताचे खरे काम बिघडते. बेस गिटारचे वजन साधारण चार किलोच्या आसपास असते, म्हणून पट्टा रुंदच घ्यावा.

काही बेस गिटारमध्ये नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे सर्किट असते. त्यांना ‘ॲक्टिव्ह’ म्हणतात. अशा वाद्यात केबल खोचली की बॅटरी सुरू होते, त्यामुळे वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवली नाही तर बॅटरी नकळत संपते. नवशिक्यासाठी बॅटरीविना चालणारी ‘पॅसिव्ह’ बेस पुरेशी आहे. सोबत बेससाठी बनवलेला लहान ॲम्प, केबल, ट्यूनर आणि ठरलेल्या वेगाने ठोके देणारा मेट्रोनोम एवढे साहित्य लागते. घरात मोठा आवाज करता येत नसेल तर हेडफोन जोडता येणारा ॲम्प घ्यावा.

तारा लावताना एक युक्ती उपयोगी पडते. जाड तारेचा स्वर ट्यूनरला पकडता येत नसेल, तर बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट न दाबता केवळ स्पर्श करून ती छेडावी. त्यातून एक सप्तक वरचा, घंटेसारखा स्वर निघतो आणि ट्यूनर तो चटकन ओळखतो. स्वर नेहमी खालून वर चढवत न्यावा. वर गेला तर पुन्हा खाली आणून मग चढवावा, म्हणजे खुंटीत ढिलाई राहत नाही आणि तार वाजवताना उतरत नाही.

दोन हातांची बैठक

खुर्चीत ताठ बसून वाद्य मांडीवर ठेवावे आणि पट्टा तेव्हाही लावलेला असावा. पट्ट्याची लांबी अशी ठेवावी की उभे राहिल्यावर वाद्य बसलेल्या स्थितीत होते त्याच उंचीवर राहील. वाद्य गुडघ्यापर्यंत लोंबत ठेवण्याची रंगमंचावरील पद्धत दिसायला कितीही ऐटबाज असली, तरी तिच्यामुळे डावे मनगट काटकोनात मुडपते, आणि मुडपलेल्या मनगटाने बोटांवर जोर देत राहणे हे स्नायुबंध दुखावण्याचे एक नेहमीचे कारण आहे. बोटांची टोके सुरुवातीला हुळहुळणारच आणि काही आठवड्यांत त्यांवर घट्टे पडतील. मनगट, कोपर किंवा हाताच्या मागच्या बाजूला वेदना होत असेल तर मात्र त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवावा.

डाव्या हाताचे बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीवर नव्हे, तर तिच्या अगदी अलीकडे दाबावे. तिथे सर्वांत कमी जोर लागतो. पहिल्या फ्रेटचे घर ३४ इंची बेसवर जवळपास पाच सेंटिमीटर रुंद असते आणि बाराव्या फ्रेटपलीकडे घरांची रुंदी याच्या निम्म्यावर येते. त्यामुळे ‘एका फ्रेटला एक बोट’ हा गिटारचा नियम बेसच्या सुरुवातीच्या भागात जसाच्या तसा लावल्यास हात विनाकारण ताणला जातो. त्याऐवजी पहिल्या चार-पाच फ्रेटपर्यंत तर्जनी, मधले बोट आणि करंगळी यांनी तीन फ्रेट सांभाळावेत व अनामिकेने करंगळीला आधार द्यावा. ही पद्धत डबल बेसवादकांकडून आलेली आहे. वरच्या भागात चार बोटांची पद्धत आरामात वापरता येते. अंगठा नेकच्या मागे, मधल्या बोटाच्या साधारण समोर, सैल टेकलेला असावा. अंगठ्याने आवळून धरण्याची गरज पडत असेल, तर तारा पट्टीपासून फार उंच आहेत का ते तपासावे.

उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर (तारांखालच्या, त्यांची कंपने टिपणाऱ्या भागावर) किंवा जाड तारेवर टेकवून तर्जनी आणि मधले बोट आलटून पालटून चालवावे. बोट तारेवरून वर उचलून न घेता ते तार ओलांडून लगतच्या जाड तारेवर येऊन विसावले पाहिजे. त्यामुळे स्वर भरीव येतो आणि शेजारची तार आपोआप दबली जाते. बारीक तारेवरून जाड तारेकडे उतरताना आलटापालटीचा नियम मोडून त्याच विसावलेल्या बोटाने पुढचा स्वर वाजवला तरी चालतो, किंबहुना तेच सोयीचे असते.

बोटांनी वाजवणे हाच एकमेव योग्य मार्ग, असा आग्रह मात्र धरू नये. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीसाठी असंख्य गाण्यांवर बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन उजव्या हाताची केवळ तर्जनी वापरत. लॉस एंजलिसच्या स्टुडिओंत दीर्घकाळ वाजवणाऱ्या कॅरल के प्लेक्ट्रम (तार छेडायची छोटी चकती) वापरत आणि त्यांच्या प्रत्येक स्वराची सुरुवात त्यामुळे धारदार ऐकू येते. लॅरी ग्रॅहम तरुणपणी आईबरोबर कार्यक्रम करत असताना त्यांच्याकडे ड्रमवादक नव्हता, तेव्हा पायाने वाजवायच्या बास ड्रमची जागा भरण्यासाठी ते अंगठ्याने तारेवर ठोका देऊ लागले आणि स्नेअर या खणखणीत ड्रमच्या जागी बोटाने तार ओढून सोडू लागले. आज ‘स्लॅप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तंत्राची ही सुरुवात आहे. जॅको पास्टोरियस यांनी तर फ्रेटच नसलेल्या बेसवर वेगळा, गाता आवाज काढला. प्रत्येकाने गरजेतून किंवा आवडीतून आपली रीत शोधली, पण यांपैकी कोणाचीही लय डळमळीत नव्हती. स्लॅपचे आकर्षण प्रत्येक नवशिक्याला असते. ते शिकावे, पण निदान पहिले सहा महिने त्याला सरावाचा मोठा भाग देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वर थांबवणे

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. बेसची तार जाड आणि लांब असल्यामुळे एकदा छेडली की ती बराच वेळ वाजत राहते. गिटार किंवा पियानोच्या वरच्या सप्तकात एखादा स्वर रेंगाळला तर तो फारसा खटकत नाही. खालच्या सप्तकात दोन स्वर एकत्र रेंगाळले की नुसता गोंगाट ऐकू येतो आणि संपूर्ण गाणे चिखलात रुतल्यासारखे वाटते. म्हणून न वाजणाऱ्या तीन तारा सतत शांत ठेवणे आणि वाजणारी चौथी तार ठरलेल्या क्षणी बंद करणे, हे बेसवादकाच्या दोन्ही हातांचे अखंड चालणारे काम आहे.

यासाठी एक साधा अभ्यास करावा. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावावा आणि ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा सी हा स्वर पहिल्या मात्रेवर वाजवावा. पहिल्या फेरीत तो चारही मात्रा वाजू द्यावा आणि पुढच्या बारची (चार मात्रांच्या गटाची) पहिली मात्रा येताच थांबवावा. दुसऱ्या फेरीत तो बरोबर चौथ्या मात्रेवर थांबवावा, तिसऱ्या फेरीत तिसऱ्या मात्रेवर, मग दुसऱ्या मात्रेवर, आणि शेवटी पहिल्या व दुसऱ्या मात्रेच्या ऐन मध्ये. शांतता मेट्रोनोमच्या ठोक्यावर नेमकी सुरू झाली पाहिजे, तितकीच नेमकी, जितका स्वर सुरू झाला होता. हे ऐकायला क्षुल्लक वाटते, पण सरावाचे ध्वनिमुद्रण करून ऐकल्यास स्वराची सुरुवात बहुधा बरी आणि शेवट बहुधा ढिसाळ असल्याचे आढळते.

थांबवताना बोट तारेवरून पूर्ण उचलू नये. उचलल्यास मोकळी ए तार वाजू लागते. बोटाचा फक्त दाब काढावा, स्पर्श तसाच ठेवावा. यातही एक बारकावा आहे: पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर केवळ एकाच बोटाचा हलका स्पर्श राहिला, तर तार गप्प होण्याऐवजी घंटेसारखा स्वर देते. म्हणून दाब काढतानाच शेजारचे आणखी एखादे बोट तारेवर अलगद टेकवावे. दोन ठिकाणी स्पर्श झाला की तार निमूटपणे थांबते.

उजव्या हाताचा अंगठाही या कामात भाग घेतो. ए तार वाजवताना तो ई तारेवर टेकलेला असावा. डी आणि जी तारांवर जाताना तो ए तारेवर सरकावा आणि त्याच्या मागच्या भागाने ई तार दबलेली राहावी. काही जण अंगठा कुठेही न टेकवता तारांवर तरंगता ठेवतात. सुरुवातीला हे अवघड जाते, पण पाच तारांच्या बेसवर त्याचा मोठा फायदा होतो.

लय

मेट्रोनोमबरोबर वाजवणे ही पहिली पायरी आहे. त्याच्यावर अवलंबून न राहता वाजवणे ही दुसरी पायरी आहे आणि तिच्याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. प्रत्येक मात्रेवर ठोका ऐकू येत असेल तर लय मेट्रोनोम सांभाळतो, आपण केवळ त्याच्यामागून जातो. म्हणून मेट्रोनोम ४० वर लावावा आणि त्याचा प्रत्येक ठोका दुसरी व चौथी मात्रा आहे असे धरावे. आता प्रत्यक्ष लय मिनिटाला ८० मात्रांची झाली आणि पहिली व तिसरी मात्रा शोधण्याची जबाबदारी आपल्यावर आली. हे जमू लागले की ठोका फक्त चौथ्या मात्रेवर ठेवावा. काही मेट्रोनोममध्ये दोन बार वाजून दोन बार गप्प राहण्याची सोय असते. तिचा उपयोग केल्यास आपण घाई करतो की रेंगाळतो, हे कोणी न सांगताही स्पष्ट कळते. बहुतेक जण संथ लयीत घाई करतात. म्हणून सराव संथ लयीतच अधिक करावा, कारण जलद लयीत दोन स्वरांमध्ये चुकायला जागाच कमी असते.

वाजवताना पायाने ठेका धरावा किंवा मात्रा मोठ्याने म्हणाव्यात. एखादी चाल तोंडाने मात्रा म्हणत वाजवता येत नसेल, तर ती अजून बसलेली नाही.

मूळ स्वरापासून चालीपर्यंत

बेसच्या लगतच्या दोन तारांमध्ये सर्वत्र षड्ज ते शुद्ध मध्यम इतकेच अंतर असते. त्यामुळे एका जागी शिकलेली बोटांची आकृती जशीच्या तशी उचलून कोणत्याही पट्टीत नेता येते. गायकाने ऐन वेळी पट्टी बदलली तर सर्वांत कमी धांदल बेसवादकाची होते. मूळ स्वराला षड्ज मानल्यास त्याचा पंचम लगतच्या बारीक तारेवर दोन फ्रेट पुढे मिळतो आणि तार षड्ज मधली एक तार सोडून दोन फ्रेट पुढे मिळतो. शुद्ध गंधार लगतच्या बारीक तारेवर एक फ्रेट मागे असतो, कोमल गंधार मूळ स्वराच्याच तारेवर तीन फ्रेट पुढे असतो, कोमल निषाद एक तार सोडून त्याच फ्रेटवर असतो, तर मंद्र पंचम लगतच्या जाड तारेवर त्याच फ्रेटवर सापडतो. मेजर कॉर्ड म्हणजे षड्ज, शुद्ध गंधार आणि पंचम. मायनर कॉर्डमध्ये गंधार कोमल होतो. एवढ्या सामग्रीवर गाण्यांचा फार मोठा साठा वाजवता येतो.

एक उदाहरण सविस्तर पाहू. सी, ए मायनर, एफ आणि जी हे चार कॉर्ड एकेक बार वाजतात अशी कल्पना करावी. सी हा ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर आहे, ए ही मोकळी तारच आहे, एफ हा ई तारेच्या पहिल्या आणि जी तिसऱ्या फ्रेटवर आहे. आधी प्रत्येक बारमध्ये फक्त मूळ स्वर चार मात्रांवर वाजवावा आणि तो कंटाळा येईपर्यंत स्थिर करावा. नंतर पहिल्या तीन मात्रा तशाच ठेवून केवळ चौथी मात्रा बदलावी. सीच्या बारमध्ये चौथ्या मात्रेवर ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा बी घ्यावा, म्हणजे तो उतरत एपर्यंत नेतो. एच्या बारमध्ये ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी घ्यावा, तो एफकडे उतरतो. एफच्या बारमध्ये दुसऱ्या फ्रेटवरचा एफ शार्प घ्यावा. हा स्वर या पट्टीत नाही, पण चौथ्या मात्रेवर क्षणभर येऊन तो जीकडे असा ढकलतो की परका वाटतच नाही. जीच्या बारमध्ये पुन्हा बी घ्यावा. तो जीचा शुद्ध गंधारही आहे आणि सीच्या लगत खालचा स्वरही, त्यामुळे आवर्तन आपोआप सुरुवातीकडे वळते.

या छोट्या चालीत मघाचाच मुद्दा पुन्हा समोर येतो. मोकळी ए तार वाजवून ई तारेवरच्या जीकडे जाताना ए तार गप्प केली नाही तर दोन्ही स्वर एकमेकांत मिसळतात. तिसऱ्या फ्रेटवर दाबणारे बोट थोडे आडवे ठेवावे, म्हणजे त्याच्या पेराचा भाग ए तारेला स्पर्श करून तिला थांबवतो. मोकळी तार सोपी असते, हा समज इथे गळून पडतो. थांबवण्याच्या दृष्टीने मोकळी तारच सर्वांत अवघड आहे.

चौथ्या मात्रेवरच्या एका स्वरापासून सुरुवात करून पुढे तिसऱ्या मात्रेवर पंचम, मग चारही मात्रांवर वेगवेगळे स्वर असे हळूहळू वाढवत नेले की जॅझमधील ‘वॉकिंग बेस’ची वाट दिसू लागते. कोणत्याही टप्प्यावर एक पथ्य पाळावे: कॉर्ड बदलतो त्या पहिल्या मात्रेवर मूळ स्वर सोडून दुसरे काही वाजवायचे असेल, तर ते का, हे स्वतःला सांगता आले पाहिजे.

लिखित संगीताबाबत मते वेगवेगळी आहेत. टॅबमध्ये (तारांच्या रेघांवर फ्रेटचे आकडे लिहिण्याच्या पद्धतीत) कोणत्या तारेवर कोणता फ्रेट हे कळते, पण स्वर किती लांब हे सहसा नीट कळत नाही, आणि बेससाठी तीच माहिती सर्वांत महत्त्वाची असल्यामुळे केवळ टॅबवर विसंबून राहणे मला पटत नाही. बेसचे स्वर बास क्लेफमध्ये (पाश्चात्त्य स्वरलेखनातील खालच्या स्वरांच्या चिन्हाने), प्रत्यक्षापेक्षा एक सप्तक वर लिहिले जातात. निदान तालाची चिन्हे आणि कॉर्डचा तक्ता वाचता यावा, इतकी तयारी प्रत्येकाने करावी.

कान तयार करणे

आवडत्या गाण्यातील बेस ऐकून स्वतः उतरवून काढणे, हा या शिक्षणाचा असा भाग आहे ज्याला पर्याय नाही. गाणे हेडफोनवर ऐकावे आणि वाद्याला हात न लावता बेसची चाल आधी गुणगुणावी; जी चाल गुणगुणता येते ती पट्टीवर सापडते, जी येत नाही ती नुसतीच चाचपडावी लागते. चाल गाण्यात दबलेली असेल, तर वेग कमी करणाऱ्या आणि पट्टी बदलणाऱ्या कोणत्याही ॲपमध्ये गाणे एक सप्तक वर चढवावे. गायकाचा आवाज विचित्र होतो, पण बेसचा स्वर साध्या गिटारच्या कक्षेत येऊन लख्ख ऐकू येतो. स्वर सापडल्यानंतर काम संपले असे समजू नये. मूळ वादकाने प्रत्येक स्वर कुठे तोडला आहे, हेही उतरवावे, आणि मग आपले वादन ध्वनिमुद्रित करून दोन्ही लागोपाठ ऐकावे.

इतरांबरोबर वाजवताना

ड्रमवादकाच्या उजव्या पायाकडे लक्ष ठेवावे, कारण बास ड्रमचा ठोका आणि बेसचा स्वर एकाच क्षणी पडले की ऐकणाऱ्याला एकच भरीव आवाज येतो. प्रत्येक ठोक्याबरोबर स्वर वाजवलाच पाहिजे असे नाही. महत्त्वाचे ठोके निवडावेत. तसेच दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर वाजतो, त्या क्षणी आपला स्वर थांबवून पाहावा. स्नेअर एकाएकी मोठा आणि स्वच्छ ऐकू येतो, गाण्यात श्वास घ्यायला जागा होते. त्याच गाण्यात कोरसला स्नेअरवरही स्वर धरून ठेवला तर कोरस रुंद वाटतो. एकही नवा स्वर न वाढवता गाण्याच्या दोन भागांत केवढा फरक करता येतो, हे तालमीत प्रत्यक्ष करून पाहावे.

आवाज ऐकू येत नाही म्हणून बेसचे बटण वाढवत जाणे ही तालमीच्या खोलीतील नेहमीची खोड आहे. ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरहून अधिक असते. लहान खोलीत अशा स्वरांचा जोर एका कोपऱ्यात प्रचंड आणि दोन पावलांवर नगण्य असू शकतो. ॲम्प कोपऱ्यातून बाहेर काढावा, तो कानाच्या दिशेने थोडा कलता ठेवावा आणि मिडचे बटण वाढवावे, कारण स्वर कोणता आहे हे कानाला मुख्यतः मधल्या कंपनसंख्यांवरून कळते. एकटे वाजवताना हा आवाज किंचित रुक्ष वाटेल, मात्र इतर वाद्यांबरोबर तोच नीट बसतो.

कानांची काळजीही याच टप्प्यावर घ्यायला सुरुवात करावी. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यविषयक संस्था निऑश ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तासांची मर्यादा सांगते आणि आवाज दर तीन डेसिबलने वाढला की ही मर्यादा निम्मी करते. या हिशेबाने १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. संगीतकारांसाठी बनवलेले इअरप्लग सर्व कंपनसंख्या जवळपास सारख्या प्रमाणात कमी करतात, त्यामुळे ते घालूनही सूर आणि तोल समजतो.

कार्यक्रमाला जाताना जास्तीची केबल, ट्यूनर, ॲक्टिव्ह बेस असल्यास नवी बॅटरी आणि शक्य असल्यास तारांचा एक संच सोबत असावा. मोठ्या ठिकाणी बेसचा आवाज डीआय बॉक्स या जोडयंत्रातून थेट मुख्य ध्वनियंत्रणेत जातो, आणि मंचावरील ॲम्प फक्त वादकांना ऐकू येण्यापुरता उरतो, हे आधी ठाऊक असले की तो मोठा करण्याचा मोह होत नाही.

तारा, देखभाल आणि पुढची वाद्ये

राउंडवाउंड तारा खरखरीत आणि चमकदार आवाजाच्या असतात, फ्लॅटवाउंड गुळगुळीत आणि बोथट आवाजाच्या. चार तारांच्या नेहमीच्या संचातील बारीक तार इंचाच्या हजाराव्या भागांत ४५ आणि जाड तार १०५ इतकी असते. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या कापडाने पुसल्या तर त्या बराच काळ टिकतात. हवामान बदलले की नेकचा बाक बदलतो; तो नेकमधील ट्रस रॉड या धातूच्या सळईने दुरुस्त करता येतो, पण एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये आणि हाताला विरोध जाणवला तर काम जाणकाराकडे द्यावे. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच घंटेसारखा स्वर ट्यूनरवर एकसारखे येत नसतील, तर ब्रिजवरील आधार मागे-पुढे करावा लागतो: दाबलेला स्वर चढा असेल तर मागे, उतरता असेल तर पुढे.

पाच तारांची बेस केव्हा घ्यावी, हा प्रश्न लवकरच पडतो. तिची पाचवी तार साधारणपणे ३१ हर्ट्झचा बी असते. गाण्यात ईच्या खालचे स्वर खरोखर लागत असतील, किंवा खालच्या पट्टीतील गाणी वरच्या फ्रेटवर, हात फार न हलवता वाजवायची असतील, तर ती उपयोगी आहे. मात्र गप्प ठेवण्याच्या तारा तीनऐवजी चार होतात, त्यामुळे चार तारांवर प्रत्येक स्वर हवा तिथे थांबवता येऊ लागल्यावरच तिच्याकडे वळावे, आणि घेण्यापूर्वी आपल्याच ॲम्पवर तो खालचा बी वाजवून पाहावा.